हौदाला कुलूप

पांढरी मांजर, पोटाला एक काळा डाग. एप्रिलच्या दुपारी शहाबादी फरशीवर अंग सोडून पडते, पण दोनच दिवस. नंतर त्याच फरशीवर पंजा टेकवते, उचलते आणि निघून जाते.

भिंतीपलीकडचं कागदी लिंबाचं झाड. सगळ्या गल्लीची झाडं करपतायत. हे मात्र मऊ पडून पिवळं होतंय.

वेळूची लांब काठी. वर कोरडी, खाली काळपट, मधे हिरवट रेघ.

"डाव्या कुशीवर. एसटी नाही, रिक्षा नाही, जिना नाही. संडासापर्यंत जाल तेवढंच चालणं." डॉक्टरीणबाईंनी हे लिहिता लिहिता सांगितलं, वर न बघता.

टॉवेलच्या कारखान्यात माल तपासायच्या टेबलावर नव्या मुलीला पहिल्या दिवशी शिकवतात ते हे: भोक सापडलं की भोकाकडं बघत बसायचं नाही. सुटलेला धागा धरायचा आणि मागं मागं जायचं.

नवंकोरं पितळी कुलूप, लोखंडी झाकणाच्या कडीला.

"पाणी सुटेल त्या दिवशी खोल्या मोकळ्या झाल्या पाहिजेत. चोरांना मी छप्पर देत नाही."

काठोकाठ

हे शेवटचं वाक्य वेणीमाधवकाकांचं. ते घरमालक. कचेरीतून निवृत्त झालेले, आवाज मात्र अजून कचेरीतच बसलेला. त्यांनी ते वाक्य खिडकीच्या गजांतून आत सोडलं आणि उत्तराला न थांबता पाठ फिरवली.

गजांच्या आत, डाव्या कुशीवर, ऋतुजा होती. पोट दिसायला लागेपर्यंत टॉवेलच्या कारखान्यात माल तपासायला जाणारी. सातवा महिना. दवाखान्यातून परत आली ती थेट या खाटेवर, आणि आता खाट सोडायची ती बाळंतपणालाच. जुळे सोलापुरातलं काकांचं घर. त्यातल्या मागच्या दोन खोल्या तिच्या आणि युवराजच्या, भाड्यानं. खाट खिडकीला लावलेली. खिडकीबाहेर अंगण म्हणजे घराची भिंत आणि शेजारच्या रुद्रप्पांचं कंपाउंड यांच्यामधली चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर ऊन अडवायला हिरवी जाळी ताणलेली होती. ऋतुजा दवाखान्यात असताना युवराजनं ती बांधून ठेवली होती. एक कड खिडकीच्या वर, दुसरी कड अंगणात तिरक्या ठोकलेल्या दोन लोखंडी अँगलांना. जाळीतून येणाऱ्या उजेडात खोलीतलं सगळं हिरवं दिसायचं. भिंत, तांब्या, स्वतःचे हात.

"मासोळीगत दिसतीयास," सासूबाई म्हणायच्या.

सासूबाई म्हणजे वच्छलाबाई. सुनेचं करायला मोडनिंबहून आलेल्या. ऋतुजा त्यांना आत्या म्हणायची. काकांचं वाक्य ऐकल्यावर त्या लाटणं घेऊनच दारात आल्या.

"आता काय आनि म्हनं? पुन्हा गेलं पानी?"

"पुन्हा गेलं."

नळाचं पाणी या भागात चार-पाच दिवसांनी सुटायचं. त्या दिवशी कुणी बाहेरगावी जात नाही, कुणाकडं पाहुणे येत नाहीत. सगळी गल्ली नळीचं टोक धरून उभी असते. काकांच्या अंगणात जमिनीखाली हौद होता. त्याचं लोखंडी झाकण पुढच्या फाटकाजवळ. पाणी आलं की तो काठोकाठ भरायचा, काका मोटार लावून एकदा वरची टाकी भरून घ्यायचे, काठी बुडवून खोली बघायचे आणि झाकण लावायचे. आणि दोन दिवसांत हौद उतरलेला असायचा. तळाशी हातभर पाणी राहिलेलं, बाकीचं कुठं गेलं पत्ता नाही.

ऋतुजा दवाखान्यातून आली त्या आठवड्यापासून हे चाललं होतं. आधी काकांनी मोटार तपासली. मग झाकणाला कुलूप घातलं. मग मागच्या फाटकालाही. आता दुपारची पेपरवाचनाची खुर्चीसुद्धा त्यांनी झाकणावर आणून ठेवली होती.

पाणी तरीही जातच होतं.

"मोडनिंबाला जाऊ," आत्या म्हणाल्या, आणि स्वतःच मान हलवली. हायवेचे धक्के खात मोडनिंबपर्यंत. ऋतुजाचा हात आपोआप पोटावर गेला. डॉक्टरीणबाईंनी रिक्षासुद्धा नको सांगितली होती. आणि सोलापुरात एप्रिलमध्ये, पाणीचोर म्हणून निघालेल्यांना दुसरी खोली कोण देणार?

"आत्या, काकांना परत बोलवा. मला विचारायचंय."

"अगं, ते चोर म्हनून गेलं की आत्ताच!"

"म्हणूनच बोलवा. मला जाता येत नाही. त्यांना येता येतं."

उतरतं पाणी

काका आले ते हातात काठी घेऊनच. त्यांच्याकडं आरोप तयार होता, आणि वाईट गोष्ट ही की तो चांगला रचलेला होता.

"हौद गळत असेल, काका."

"गळका हौद ठणठणीत कोरडा होतो. हा होतो का? नाही." त्यांनी काठी गजांपाशी आणली आणि हिरवट रेघेवर नख ठेवलं. "दर वेळी इथवर उतरतो आणि थांबतो. का थांबतो? सांग तू."

"तुम्ही सांगा."

"कारण नळी तिथवरच पोचते! झाकणापाशी हवेचं भोक आहे, त्यातून नळी सोडायची आणि ओढून घ्यायचं. तळापर्यंत नळी पुरत नाही, म्हणून तळाचं उरतं. सरळ हिशेब आहे."

"भोकात तर तुम्ही बोळा कोंबलाय."

"मग किल्ली करून घेतली असेल. आणि गवंडी येऊन गेलाय, बाई. बॅटरी मारून बघितलं त्यानं. गिलावा आरशासारखा." काकांनी काठीचं टोक अंगणाकडं वळवलं. जाळीच्या एका अँगलाच्या बुडाशी फरशीच्या सांधी काळ्या ओल्या दिसत होत्या. "ही ओल कुणाच्या खिडकीपुढे आहे? माझ्या? बादली नेताना हिंदकळली की ओल पडते. मला अजून काय दाखवायचं राहिलंय?"

आत्यांना राहवेना. "अवो, माजा ल्योक दिसभर कारखान्यात. पोरगी खाटंवरनं उठत न्हाय. मी म्हातारी का हौदात नळ्या सोडू?"

"तुम्ही आलात कधी? पाणी जायला लागलं कधी?"

"घ्या! मंजी मीच!" आत्यांनी लाटणं कपाळाला लावलं.

काका गेले. ऋतुजा ओल्या सांधींकडं बघत राहिली. तिला काकांच्या बोलण्यात सुटलेला धागा सापडेना. आणि त्याहून वाईट एक गोष्ट तिच्या मनात वळवळायला लागली होती.

स्वयंपाकघरातली पिंपं. ती या दिवसांत कधी रिकामी झालेली तिनं ऐकली नव्हती. आख्खी गल्ली घागरी मोजून वापरत असताना त्यांच्याकडं कूलरलाही पाणी होतं.

युवराज ते आणत होता कुठून?

मीठ

तिनं त्याला संध्याकाळी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता, किंवा नाही म्हणाला असता, आणि दोन्ही तिला पटलं नसतं.

त्याऐवजी आत्यांना म्हणाली, "पिंपातलं पाणी पितळेच्या पातेल्यात उकळा. आटू द्या पार. आणि पातेलं मला दाखवा."

"ह्ये काय आता? भानामती?"

"बघा तर."

पातेलं आलं. तळाला, कडेनं, पांढरा खार धरला होता. ऋतुजानं बोट फिरवून जिभेला लावलं आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा पाय लांब केले. हौदात यायचं ते नळाचं गोडं पाणी. घरमालकीण प्रभाकाकूंच्या चहाच्या भांड्याला असला खार कधी धरत नाही. हे बोअरचं.

"कारखान्यातलं हाय," युवराज दारातून म्हणाला. तो कधी येऊन उभा राहिला कळलंच नाही. गाडीला दोन्ही बाजूंना कॅन लटकलेले. "मालकाला इचारून आनतो. तुला सांगिटलं न्हाय, तू म्हनली असती एवढ्या लांबनं कशाला वडत आनतोस." मग त्यानं पातेल्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि त्याला कळलं. "तुला वाटलं व्हय गं मी?"

डाव्या कुशीवर झोपलेल्या माणसाला तोंड फिरवायला जागा फार नसते.

"वाटलं तिला," आत्या म्हणाल्या. "मलाबी वाटलं. तुजा बापबी असाच गुपचूप चांगलं करायचा, आन् मग आमाला कळायचं न्हाय की आता रागवायचं का हसायचं. जा, हातपाय धू. खाऱ्या पान्यानं."

नवरा चोर नव्हता. मग हौदाचं पाणी जात कुठं होतं? चोरलेलं पाणी कुणीतरी वापरतं. कुणाची गाडी धुतलेली असते, कुणाची बाग हिरवी होते.

भिंतीपलीकडं बाग होती.

लिंब

रुद्रप्पा अक्कलकोटकडचे. कंपाउंडवरून फक्त डोकं आणि कपाळाचं भस्म दिसायचं. आत्यांनी त्यांना हाक मारली तेव्हा त्यांना वाटलं, भांडायला बोलावलंय. म्हणून त्यांनी आधी आपणच सुरुवात केली.

"नोडरी, बघा ताई, मला त्यात ओढू नका. पाणीबिणी मी बघत नाही. माझं दुःख वेगळंच हाय की."

"कसलं दुःख, आण्णा?" ऋतुजानं आतून विचारलं.

"लिंबाचं! वीस माणसांचं सरबत होईल एवढी फळं धरायचं ते झाड. आता पानं पिवळी, फळ गळतंय, बुडाशी वास मारतोय. मी म्हटलं वाळवी. माझा भाचा शेतीवाला, तो बघून म्हणाला, मामा, पाणी लई घालताय, मुळं कुजली. मी घालतोच कुठं? मलाच प्यायला नाही!"

"मग बुडात ओल आहे?"

"पाय रुततो, ताई. एप्रिलमध्ये पाय रुततो! तुमच्या त्या काकू शिळं पाणी फेकतात ना, ते येतंय भिंतीखालनं. मी सांगून सांगून थकलो. वेणीमाधवाला म्हटलं तर तो म्हणतो, 'तू नळी लावलीस का माझ्या हौदाला?' असं म्हणाला मला! वीस वर्षांचा शेजार!"

डोकं भिंतीआड गेलं. ऋतुजा छताकडं बघत पडली. चोर असा कसा, जो कुलूप उघडून पाणी काढतो आणि नेऊन शेजाऱ्याच्या झाडाला बुडेस्तोवर पाजतो?

काकूंचं शिळं पाणी. तिथं बघायला हवं होतं.

शिळं पाणी

प्रभाकाकू नवऱ्याची झोप लागल्यावर आल्या. पदराखाली ताकाचा पेला. गजांतून पेला आत यायला थोडा तिरका करावा लागायचा, आणि दर वेळी त्या म्हणायच्या, "सांडेल हं." त्यांना काकांचं वागणं पसंत नव्हतं आणि काकांपुढं तसं म्हणायची सवयही नव्हती.

"काकू, तुम्ही पाणी फेकता?"

"शिळं गं. नवं यायच्या सकाळी हौदातलं उरलेलं काढते आणि अंगण धुते. जुन्यावर नवं कोण घेतं? आमच्या सासूबाईंपासून आहे ते."

"दर वेळी?"

"दर वेळी. यांना आवडत नाही, पण हौदाच्या स्वच्छतेचं मीच बघते ना."

ऋतुजा उठून बसायला गेली आणि आत्यांनी खांदा दाबून तिला परत आडवी केली. म्हणजे पाणी रेघेवर थांबतं असं काका म्हणत होते, पण नवं येईपर्यंत ते तिथंच राहतं का, हे कुणी पाहिलंच नव्हतं. शेवटच्या सकाळी काठी बुडवायच्या आधीच काकू हौद रिकामा करायच्या. शिवाय अंगण धुतलेलं असल्यामुळं ओल कुठली नवी आणि कुठली जुनी, हेही कुणाला कळत नव्हतं.

पण काकूंच्या बादल्यांनी झाड कुजणार नाही. बादल्या चार-पाच दिवसांतून एकदा. रुद्रप्पांच्या लिंबाच्या बुडात रोज पाय रुतत होता.

"थांबवता का या वेळी? शिळं फेकू नका. पाणी यायच्या सकाळपर्यंत जसं आहे तसं राहू द्या."

"हे ओरडतील."

"फेकलेलंही त्यांना आवडत नाही म्हणालात."

काकू हसल्या. पेला परत घेताना त्यांनी हलकेच विचारलं, "जागा बघितलीत का कुठे?"

"नाही."

"बघा गं," काकू म्हणाल्या. "त्यांनी टेम्पोवाल्याला सांगून ठेवलंय."

फरशी

टेम्पोच्या बातमीनं खोली आणखी लहान झाली. ऋतुजाला झोप लागेना, कूस बदलता येईना. दुपारी ती जाळीखालच्या पट्टीकडं नुसती बघत होती. मांजर आली. खिडकीच्या अगदी खालच्या फरशीपाशी थांबली, पंजा टेकवला, झटकला आणि चालती झाली.

"परवा तर इथं लोळत होती," ऋतुजा म्हणाली.

"वल्लं आवडत असंल तिला."

"मांजरीला? आणि ओलं तिकडं अँगलापाशी आहे. ही पडते ती फरशी कोरडी."

आत्यांच्याही ध्यानात आलं. त्या बाहेर गेल्या, चप्पल काढली आणि त्या फरशीवर पाय ठेवला. लगेच उचलला. "आगं आई गं! तवा नुसता."

"आणि परवा? तुम्ही पापड घातले होते ना तिथं?"

आत्या पाय चोळत आठवत राहिल्या. "परवा गार व्हती. माठागत. मी म्हनलं, सावलीमुळं आसंल. पर सावली तर रोजच हाय की."

परवा म्हणजे हौद भरल्याच्या दुसऱ्या दिवशी. हौद भरला की फरशी गार. हौद उतरला की फरशी तापते. पण हौद तर तिकडं फाटकापाशी, झाकणाखाली!

"आत्या, काकूंना बोलवा. आत्ता. काका जागे असले तरी."

काकू आल्या, हात पुसत. ऋतुजानं एकच प्रश्न विचारला, आणि काकूंनी तो इतका साधा समजून उत्तर दिलं की आधी कुणाला काही वाटलंच नाही.

"हौद ना? केवढा तरी लांब आहे. गुडघे जाईपर्यंत दिवाळीआधी मीच उतरायचे घासायला. वाकून चालत यावं लागतं आतून, पार तुझ्या खिडकीखालपर्यंत. यांना काय माहीत? ते कधी उतरलेत? वरून काठी बुडवतात आणि खोली सांगतात."

काकांना खोली ठाऊक होती, लांबी काकूंना. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली तरी दोन्ही माहिती एकत्र यायची वेळ आली नव्हती. गवंड्यानंही झाकणातून बॅटरी मारली होती. एवढ्या लांबच्या टोकाला तिचा उजेड काय पोचणार.

म्हणजे हौदाची भिंत खिडकीपुढून जाते. भोक त्या भिंतीला, रेघेच्या उंचीवर. पाणी भोकापर्यंत उतरतं आणि थांबतं. नळीची गरज नाही, किल्लीची नाही. तिथून ते जमिनीतून उताराकडं, रुद्रप्पांच्या लिंबाकडं. सगळे धागे जुळत आले.

मग तिनं भोकाकडं बघणं सोडलं आणि धागा धरून मागं गेली. भोक पाडलं कशानं? तिच्या दवाखान्याच्या आठवड्यात?

आत्या बोलत होत्या, काकू बोलत होत्या. ऋतुजा ओल्या सांधीतून वर आलेल्या लोखंडी अँगलाकडं बघत होती, तंबूच्या खुंटीसारखा तिरका, टोक खिडकीच्या दिशेनं आत गेलेलं.

रेघेखाली

युवराजला सांगितलं तेव्हा तो खाली बसला. भिंतीला टेकून, कॅन अजून हातातच.

"ठोकताना एकदम सैल गेला व्हता," तो म्हणाला. "मला वाटलं, माती भुसभुशीत लागली."

काकू आपल्या घरी गेल्या होत्या. त्यांना एवढंच कळलं होतं की हौद लांब आहे. दार लावून घेऊन आत्या कुजबुजल्या.

"उपटून काडायचा. आत्ताच."

"उपटला तर भोक मोकळं होईल, आत्या. आता निदान लोखंड तरी अडकलंय त्यात."

"मग गप ऱ्हायाचं. चोर म्हनत्यात, म्हनू द्यात. पुरावा कुटं हाय त्यांच्यापाशी? ह्यो आपुन हातानं न्हेऊन द्यायचा? चोर म्हनून घालवत्याल, न्हायतर हौद फोडला म्हनून. टेम्पो त्योच!"

खरं होतं. ऋतुजानं दोन्ही बाजूंनी चाचपून पाहिलं, दोन्हीकडं भिंत होती. पोटात बाळानं लाथ मारली; त्यालाही वळायला जागा कमी पडत असावी.

"बोलू नगंस," युवराज म्हणाला. "मी करतो कायतरी. कारखान्यात ऱ्हाऊ चार दिस."

"मशिनींच्या खडखडाटात? डाव्या कुशीवर?"

त्यानं कॅन खाली ठेवले.

"आपण बोललो नाही," ती हळूहळू म्हणाली, "तर आपल्यानंतर इथं दुसरे येतील. पाणी जातच राहणार, आणि काका त्यांनाही चोर म्हणणार. आणि आपण जाऊ तिथं काकांचा शब्द आपल्याआधी पोचणार. फोडलं म्हटलं तर निदान भरून देता येतं. चोर म्हटलं तर काय भरून देणार?"

आत्यांनी बराच वेळ लाटणं मांडीवर फिरवलं.

"मग नीट सांग," त्या शेवटी म्हणाल्या. "मधी रडू नगंस. रडलं की लोकाला खोटं वाटतं."

काठी आणि लोखंड

पाणी सुटायच्या सकाळी टेम्पो फाटकात उभा होता. काकांनी कुलूप काढलं, झाकण उचललं, काठी बुडवली आणि बाहेर काढली. काकूंनी या वेळी शिळं फेकलं नव्हतं. पाणी रेघेवर होतं. केव्हाचं.

"बघा. थांबलंय," ऋतुजा गजांतून म्हणाली. "काका, काठी घेऊन इकडं या. रुद्रप्पाआण्णा, तुम्ही पण."

"सामान भरा आधी," काका म्हणाले.

"भरायचंच आहे. ही एकच गोष्ट ऐका. चोरांचं नाही, तुमच्या हौदाचं बोलायचंय."

हौदाचं म्हटल्यावर काका आले.

तिनं सांगितलं. मांजर, फरशी, लिंबाची कुजलेली मुळं. रुद्रप्पांनी भिंतीवर हनुवटी टेकली. हौद खिडकीपर्यंत येतो म्हटल्यावर काकांनी बायकोकडं पाहिलं, आणि काकू म्हणाल्या, "येतो की. मला कधी विचारलंत?"

"हे सगळं तर्कट आहे," काका म्हणाले, पण आवाज कचेरीतून थोडा बाहेर आला होता.

"मग मोजून बघा. युवराज, दुसरा अँगल काढ. कडेचा, पक्क्या मातीतला."

युवराजनं तो हलवून हलवून उपटला. दोन्ही अँगल एकाच लोखंडाचे, सारख्या लांबीचे कापलेले. तिच्या सांगण्यावरून त्यानं ओल्या सांधीतला अँगल जमिनीवर जेवढा दिसतो तेवढं मोजून त्यावर खूण केली, आणि तो तसाच तिरका घराच्या भिंतीला धरला. खुणेखालचा, म्हणजे जमिनीत गेलेला भाग किती खोल पोचतो ते दाखवायला. काकांनी स्वतः शेजारी काठी उभी लावली. काठीवरची हौदाच्या काठाची खूण लोखंडावरच्या खुणेशी जुळवली; तिच्याखाली रेघ होती. लोखंडाचं टोक रेघेच्या उंचीवर आलं.

टेम्पोवाल्यानं बिडी विझवली.

"द्या तो मोबाईल," प्रभाकाकू म्हणाल्या. त्यांनी फोनचा दिवा आणि व्हिडिओ चालू केला, तो काठीच्या टोकाला पदराच्या फाडलेल्या पट्टीनं बांधला, झाकणापाशी गुडघे धरत बसल्या आणि काठी आडवी करून जिथं त्या वाकून चालायच्या त्या बाजूला आत सारली. फोन बाहेर आल्यावर सगळे त्यावर वाकले. ऋतुजाला काकूंनी तो गजांतून दाखवला.

काळं पाणी. हिरवी भिंत. आणि पाण्याच्या अगदी वर, गिलाव्यातून बाहेर आलेलं बोटभर लोखंड. त्याच्याखाली गंजाचा ओघळ.

"म्हणजे फोडला तुम्हीच," काका म्हणाले.

"फोडला आम्हीच," ऋतुजा म्हणाली. "चोरला नाही."

काका झाकणाच्या कडेवर बसले. खुर्ची पुढंच होती, तरी कडेवर. त्यांनी अँगलाकडं पाहिलं, मग युवराजकडं. काहीतरी विचारणार होते, तोंड उघडलं आणि मिटलं.

काकूंनीच विचारलं. "आणि ही नेमकी जागा कुणी रे दाखवली तुला?"

युवराजनं काकांकडं पाहिलं. काका फरशीच्या सांधीकडं बघत होते, फार बारकाईनं.

"माझी मीच शोधली," युवराज म्हणाला. "जाळी ताणायला बरी पडली."

"वा," काकू म्हणाल्या. "आता हे दुरुस्त करायचं तर फरशी उखडावी लागणार. हिच्या खाटेपुढे घण चालणार. जमायचं नाही ते. अँगल काढला तर भोक मोठं होणार, म्हणजे अँगल राहणार. अँगल राहणार म्हणजे जाळी राहणार. हौद रेघेपर्यंतच भरायचा, वरचं पिंपात घ्यायचं. हिचं बाळंतपण होईपर्यंत या अंगणात कुणी काही हलवायचं नाही."

"माझं लिंब?" रुद्रप्पा भिंतीवरून म्हणाले.

"रेघेच्या वर पाणीच नाही म्हटल्यावर तुमच्याकडे येईल कुठून? वाचलं तर वाचेल."

दूर कुठंतरी पहिल्या नळानं हवा सोडली. गल्लीच्या टोकाला कुणीतरी ओरडलं, "सुटलं, सुटलं!" आणि दारोदार बादल्या वाजायला लागल्या. काका उठले. सवयीनं कुलूप हातात घेतलं, त्याच्याकडं पाहिलं आणि खिशात टाकलं.

"टेम्पो परत पाठव," ते युवराजला म्हणाले. "आणि नळी धर. पिंपं आण तुमची, आमची, सगळी."

मग ते गजांपाशी आले. ऋतुजाला वाटलं, माफी मागतील. त्यांनी मागितली नाही. त्यांनी जाळीची सैल झालेली कड, जिथला अँगल आत्ताच उपटला होता, हातानं ताणून धरली, म्हणजे तिच्या तोंडावर ऊन येणार नाही. आणि दुसरं कुणी येऊन ती बांधेपर्यंत तसेच उभे राहिले. आत, हिरव्या उजेडात, ती डाव्या कुशीवर होती. कुठं जायचं नव्हतं. जायला जागाही नव्हती.

ती दवाखान्यात असताना, एका रविवारी, वेणीमाधवकाकांनी माळ्यावरचा घण स्वतः काढून दिला होता आणि चपलेच्या टोकानं फरशीची सांध दाखवत युवराजला म्हटलं होतं, "इथे ठोक. हौद तिकडे आहे."